मामांची बेचाळीस किलोमीटरची फेरी

मी आयुष्यात कधी धावले नव्हते. कंडक्टरला धावावं लागत नाही, लोकच आमच्या गाडीमागे धावतात. बावीस वर्षं मी रत्नागिरी-पावस मार्गावर लाल गाडीत आधी तिकिटं फाडली, मग मशीनची बटणं दाबली, खिडकीबाहेरचे हात आत घ्या म्हणून घसा बसेपर्यंत ओरडले आणि घरी येऊन गरम पाण्यात पाय सोडून बसले. असल्या बाईने पन्नाशी उलटल्यावर मुंबईला जाऊन बेचाळीस किलोमीटर धावावं, ही अक्कल माझी नव्हे. ती मामांची.

मामा म्हणजे माझे ड्रायव्हर. सख्खे नव्हेत, पण आमच्या डेपोत ड्रायव्हर वयाने मोठा असला की तो मामाच. आमच्या बौद्धवाडीतली मी पहिली कंडक्टर. पहिल्या दिवशी मी इतकी गोंधळले होते की भाट्याच्या पुलावर मी उगाचच घंटा वाजवली आणि गाडी पुलाच्या मधोमध उभी राहिली. मामा मागे वळून म्हणाले, "बाय, एक दिलीस की मी थांबणार, दोन दिल्यास की निघणार. तू काय पण दे, मी तुझ्या घंटेबाहेर जायाचा नाय." आणि नाही गेले. एकदा मी खाली उतरून एका म्हातारीशी भांडत होते, तर वीस मिनिटं गाडी तिथेच. आतले लोक बोंबलत होते, हा माणूस स्टिअरिंगवर हात ठेवून शांत.

आता मुख्य गोष्ट सांगते, म्हणजे पुढचा वेडेपणा कळेल. आमच्याकडे ड्रायव्हर निवृत्त होतो त्या दिवशी त्याची शेवटची फेरी असते. गाडीला झेंडूच्या माळा, पुढे केळीचे खांब. वाटेत प्रत्येक थांब्यावर लोक नारळ घेऊन उभे. शेवटच्या गावी ड्रायव्हर उतरला की त्याच्या गळ्यात हार घालतात, बायका ओवाळतात, आणि घाटात कधी डोळ्यांत पाणी न आणलेला माणूस तिथे ढसाढसा रडतो. मामा ही फेरी वर्षभर आधीपासून मनात चालवत होते. कुठल्या थांब्यावर किती वेळ थांबायचं तेसुद्धा ठरलं होतं.

ती त्यांना मिळाली नाही, आणि ती माझ्यामुळे मिळाली नाही. निवृत्तीला आठ महिने असताना एका तिन्हीसांजेला गोळप गावाचा उतार संपल्यावर वळणावर एक म्हैस आडवी आली. म्हणजे ती आडवी आलेली मला मागून दिसली, मामांना पुढून दिसली नाही. मी किंचाळले म्हणून ब्रेक लागला. म्हैस वाचली. रात्रभर मी कूस बदलत पडले आणि सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, की मामांना संध्याकाळचं दिसत नाही. डोळे तपासले. रातांधळेपणा निघाला. मामांना स्टिअरिंगवरून उठवलं आणि फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला बसवलं. आठ महिन्यांनी ऑफिसात शाल आणि श्रीफळ. चहा, बिस्कीट, संपलं. कुणी सांगितलं हे त्यांनी विचारलं नाही. मी बोलले नाही. माझं बरोबर होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही आहे. पण बरोबर असण्याने झोप येत नाही.

त्यानंतरच्या जानेवारीत एका रविवारी मी त्यांच्याकडे नारळ द्यायला गेले, तर मामा टीव्हीसमोर अगदी नाक लावून बसलेले. मुंबईची मॅरेथॉन चालली होती. मला म्हणाले, "बाय, बस. बघ जरा. रस्ता मोकळा. सिग्नल नाय, रिक्षा नाय, म्हैस नाय. पोलीस लोकांना कडेला धरून उभे. दोन्ही बाजूंना माणसं टाळ्या वाजवतायत. आणि शेवटी पोचला की गळ्यात हार."

"मेडल आहे ते, मामा."

"तेच ते," मामा म्हणाले.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मला कळलं, हा माणूस आता गाडीशिवाय आपली फेरी करणार.

मग त्यांनी त्या शर्यतीचा इतिहास गोळा केला आणि दिसेल त्याला धरून सांगायला लागले. डेपोतल्या कँटीनमध्ये भजी खाता खाता मी तो निदान दहा वेळा ऐकलाय. फार पूर्वी ग्रीस देशात मॅरेथॉन नावाच्या गावी लढाई झाली, एक शिपाई विजयाचा निरोप घेऊन राजधानीपर्यंत धावत गेला, निरोप दिला आणि जागच्या जागी मेला. "डायरेक्ट गाडी नसणार," मामा म्हणायचे. "आणि बदली माणूस पण दिलान नाय. सलग ड्युटी लावली की असंच होतं." पुढे विलायतेत ही शर्यत झाली तेव्हा राजघराण्याला ती वाड्यापासून निघताना आणि त्यांच्या खुर्चीपुढे संपताना दिसावी म्हणून अंतर वाढवलं, ते बेचाळीस किलोमीटर आणि वर थोडं, ते आजवर तसंच. यावर मामांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. "कुणातरी मोठ्या माणसाच्या दारावरनं गाडी फिरवली. एकदा फिरवली की परत कोण सरळ करतोय?" मुंबईत ती गेली वीसेक वर्षं दर जानेवारीत होते, मधे साथीच्या काळात बंद पडली, पुन्हा सुरू झाली. मामांच्या लेखी हे एका मार्गाचं चरित्र होतं.

पण मोठी शर्यत धावायला आधी अर्धी धावून दाखवावी लागते. पहिल्या वर्षी मामा ती अर्धी धावायला एकटेच गेले आणि हात हलवत परत आले. म्हणजे अक्षरशः हातांनीच घात केला. मुंबईचे लोक कडेला उभे राहून धावणाऱ्यांना हात दाखवतात, उत्साह द्यायला. आणि मामांनी उभ्या आयुष्यात हात दाखवलेल्या माणसाला रस्त्यावर सोडलेलं नाही. ते प्रत्येक हाताला थांबले. थांबून विचारायचे, "कुठं जायाचाय?" शेवटी मागून ती गाडी आली. शर्यतीत मागे पडलेल्यांना उचलणारी एक बस असते, ती ज्याला गाठेल त्याची शर्यत संपली. तिने हॉर्न दिला. मामांनी चढावरच्या गाडीला द्यावी तशी शिस्तीत बाजू दिली, हाताने 'जा पुढे' अशी खूण केली, आणि गाडीने त्यांना उचललं.

हे सगळं मला सांगून म्हणाले, "थांबण्यात काय चूक नाय गो. निघवत नाय, ही चूक. दोन घंटा कोण देणार?"

झालं. आलं माझ्याच अंगावर. घरच्यांनी वेड्यात काढलं. नवरा म्हणाला, तुला जिना चढताना दम लागतो. पण नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? पहाटे अंधारात शर्यत सुटते, त्या माणसाला अंधारात दिसत नाही, हे त्या डेपोत माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

सराव आमच्याच मार्गावर. रत्नागिरी ते पावस. मामांना दुसरीकडे धावताच येत नव्हतं. प्रत्येक थांब्यावर ते थांबायचे, कुणी असो नसो. मी पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला बांधून मागून यायची आणि ओरडायची, "टिंग टिंग!" मग निघायचे. आंब्याच्या बागांतले राखणदार कुंपणावर येऊन उभे राहायचे. एकाने विचारलं, "बाई, गाडी बंद पडली काय?" पावसला पोचल्यावर मामा सरळ स्टँडवरच्या कंट्रोलरच्या खिडकीशी जायचे आणि वेळ नोंदवायला सांगायचे. तो कंट्रोलर पण शहाणाच. त्याने वेगळी वही केली होती. गाडी क्रमांकाच्या रकान्यात 'पायी' असं लिहायचा आणि उशीर झाला की कारण विचारायचा.

दुसऱ्या वर्षी आम्ही दोघांनी अर्धी शर्यत वेळेत संपवली. तिसऱ्या वर्षी पूर्ण. निघायच्या आधी मामांच्या गावात देवळात गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे देवाला सगळं नीट फोड करून सांगायचं, मोघम ठेवलं तर देव आपल्या सोयीने अर्थ लावतो. देवळातले मानकरी गावकार नारळ धरून म्हणाले, "बा देवा, तुझं लेकरू मुंबईत बेचाळीस किलोमीटर धावतंय, त्याच्या पायाला गोळा येऊ देऊ नको. मागून गाडी लागली तर तिचं चाक पंक्चर कर." सगळे म्हणाले, "व्हय महाराजा!" मामा एकदम पुढे झाले. "पंक्चर नको. ड्रायव्हर बिचारा अडकंल. नुसती लेट कर." तेवढी दुरुस्ती करून नारळ फोडला. कंडक्टरच्या पायाबद्दल कुणी काही बोललं नाही. माझ्या ते लक्षात आलं होतं, पण आपण कसं सांगायचं?

पहाटे मुंबईत ती गर्दी सुटली तेव्हा मामांनी डोळे मिटूनच घेतले. म्हणाले, तसंही दिसत नाय, उगाच कशाला ताण द्या. माझ्या ओढणीचं टोक त्यांच्या मुठीत. उजाडेपर्यंत मी त्यांना तसं नेलं. "डावीकडे खड्डा. पुढे बाटली. माणूस बसलाय, बाजू द्या." आजूबाजूचे धावणारे कानात गाणी घालून चाललेले, आणि आमचं हे. एका मुलीने मला विचारलं, "हे तुमचे वडील का?" मी म्हटलं, "नाही, ड्रायव्हर." तिने वेग वाढवला.

उजाडलं आणि संकट सुरू झालं. हात दिसायला लागले. पण मी तयार होते. हात वर झाला की मामा थबकायचे, मी लगेच "टिंग टिंग!" म्हणायची, मामा निघायचे. असे आम्ही समुद्राकडेने छान चाललो होतो. पेडर रोडचा चढ आला तेव्हा लोक म्हणाले, आता अवघड आहे. मामांनी मान वर करून चढाकडे पाहिलं आणि मला विचारलं, "ह्याला चढ म्हणतात?" 

हाजीअलीला आमचे गाववाले मुंबईकर झेंडा घेऊन उभे होते. त्यात एक म्हातारी. तिने हात वर केला, मामा थांबले, आणि माझ्या तोंडून घंटा निघायच्या आत तिने एक पिशवी त्यांच्या हातात कोंबली. "माहीमला माझी बहीण उभी हाय, पिवळं लुगडं. तिला दे. कुळथाचं पीठ हाय."

बघा म्हणजे. तिच्या दृष्टीने काय चुकलं? गाडी माहीमला चाललीय, ड्रायव्हर ओळखीचा, मग पिशवी का नाही द्यायची? तीस वर्षं गावातले लोक मामांच्या हाती पिशव्या देत आले. औषधं, जावयासाठी कोकमाची सोलं, एकदा जिवंत कोंबडी. मी ओरडले, "मामा, खाली ठेवा ती!" मामा म्हणाले, "पार्सल घेतलं की पोचवायचं." आणि बेचाळीस किलोमीटरची शर्यत धावणारा माणूस दोन किलो पीठ काखोटीला मारून निघाला.

माहीमला पिवळं लुगडं नव्हतं. बाई कंटाळून चहाला गेली होती. मामा उभे. मी "टिंग टिंग" म्हणाले, हलले नाहीत. पुन्हा म्हणाले. जन्मात पहिल्यांदा हा माणूस माझ्या घंटेबाहेर गेला. "पार्सल दिल्याबिगर गाडी पुढं जात नाय, बाय." मी तिथे फुटपाथवर उभी राहून त्यांना, त्या म्हातारीला, तिच्या बहिणीला आणि समस्त कुळथाला शिव्या घातल्या. वीस मिनिटांनी ती आली. डुलत डुलत. पिशवी उघडून वास घेतला आणि म्हणाली, "भाजलेलं दिसत नाय."

त्या वीस मिनिटांत माझे पाय थंड पडले. परतीच्या रस्त्याला वरळीपर्यंत कशीबशी आले आणि पोटरीत असा गोळा आला की मी रस्त्यावर बसलेच. मामाही बसले माझ्याशेजारी. मागे वळून पाहिलं तर लांबवर ती बस येताना दिसत होती, हळूहळू, थांबत थांबत, माणसं उचलत.

"तुम्ही जा," मी म्हटलं.

"कंडक्टरला सोडून? काय बोलतेस?"

"आता सगळं दिसतंय तुम्हाला. सरळ रस्ता आहे."

"नाय."

माझा संताप संताप झाला. मी रडतही होते, ते मला नंतर कळलं. ह्यांची एक फेरी मी घालवली होती, आता दुसरी घालवत होते, आणि तेही पोटरीपायी! मी दोन्ही हातांनी त्यांना ढकललं आणि वरळीच्या रस्त्यावर बसून बोंबलले, "टिंग टिंग! टिंग टिंग! मामा, कुणी कितीही हात दाखवू दे, ही गाडी आता डायरेक्ट आहे. जा!"

डायरेक्ट म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. डायरेक्ट गाडी मधे थांबत नाही, हा नियम आहे. उठले आणि गेले.

बस माझ्यापाशी आली. मी लंगडत चढले. आत पाचसहा मरगळलेली माणसं, एक कोवळा ड्रायव्हर आणि शिट्टी घेतलेली एक स्वयंसेवक मुलगी. मुलगी म्हणाली, "चला दादा, पुढे घ्या." आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही गाडी लेट झाली पाहिजे. आणि गाडी लेट करणं ह्या विषयात, देवाला कशाला त्रास द्यायचा, माझा बावीस वर्षांचा अनुभव होता.

"थांबा," मी म्हटलं. "आधी सीट मोजायचे."

मी सीट मोजले, म्हणजे माणसं. सात आले. मुलगी म्हणाली सातच आहेत. मी म्हटलं, ड्रायव्हर धरून की सोडून? पुन्हा मोजले. मग महिलांच्या राखीव जागेवर एक दाढीवाला तरुण बसला होता, त्याला उठवला. तो म्हणाला, बाकी सगळी गाडी रिकामी आहे. मी म्हटलं, प्रश्न रिकामी-भरलेलीचा नाही. तो बिचारा पाय ओढत मागे गेला. पुढे एक लंगडणारे आजोबा दिसले, मी टपावर हात मारून एक घंटा दिली. ड्रायव्हर थांबला. घंटेला थांबायचं त्याच्या रक्तातच होतं, आमच्या कोकणातलाच निघाला, बुरोंडीचा. "सावकाश चढा आजोबा, घाई नाही. बाटली खाली राहिली का? आणा जाऊन." एक बाई म्हणत होती, अजून जमेल मला, मी नाही चढणार. मी तिला म्हटलं, नका चढू, आम्ही थांबतो, तुम्ही पुढे व्हा. गाडी तिच्यामागे चालण्याच्या वेगाने. पेडर रोडच्या चढावर मी इंजिन गरम झालंय का ते उतरून बघायला लावलं. मुलगी फोनवर कुणाला तरी सांगत होती, "सर, इथे एक मॅडम आहेत, त्या कुठल्या टीममधल्या आहेत मला माहीत नाही." तिचा आवाज रडवेला झाला होता. मला तिची खरंच दया आली, पण मी पुन्हा सीट मोजायला घेतले.

समुद्राकडेच्या सरळ रस्त्यावर मला लांब मामांची पाठ दिसली. दोन्ही बाजूंनी लोक हात दाखवत होते. मामा एका हाताकडेही न बघता, मान ताठ ठेवून, डायरेक्ट चालले होते.

शेवटी बस बाजूच्या गल्लीत वळवली आणि आम्हाला उतरवलं. मी लंगडत शेवटच्या रेघेपाशी गेले. पलीकडे फुटपाथवर मामा बसलेले. गळ्यात मेडल. वेळेत पोचले होते, थोडक्यात. कुणी ओवाळलं नव्हतं, नारळ नव्हता, आजूबाजूला माणसं केळ्यांच्या साली टाकत होती. पण त्यांनी छातीवर हात ठेवून ते मेडल असं धरलं होतं की मला हसू आणि रडू एकदम आलं. त्यांच्या शेजारी बसले आणि इतक्या वर्षांचं तोंडून निघून गेलं.

"मामा, डोळ्यांचं साहेबांना मी सांगितलं होतं."

मामा केळं सोलत होते. "ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"तवापासूनच. त्या गाडीत दुसरं होतं कोण सांगणारं?"

"मग कधी बोलला का नाहीत?"

त्यांनी केळं अर्धं मोडलं आणि हातातच धरून ठेवलं. "म्हशीचं सांगितलंस तू," ते म्हणाले. "तिच्या आठ दिवस आधी पोरी होत्या. शाळेतल्या, चौघी. त्याच वळणावर, त्याच वेळेला. तू मागं तिकिटं देत होतीस, तुला नाय कळलं. मला पण दिसल्या नाय. गाडी पुढं गेल्यावर आरशात दिसल्या, मागच्या लाल दिव्यात. गटारात उड्या टाकलेल्या. एक उठून दुसरीला उठवत होती."

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"दुसऱ्या दिवशी साहेबांकडं जाणार होतो. गेलो नाय. आठ महिने राहिले होते गो. हार घालून घ्यायचा होता. रोज सकाळी गाडी काढताना वाटायचं, बाय हुशार हाय, तिला कळंल, ती सांगंल." ते रस्त्याकडे बघत होते. आवाजात राग नव्हता. "आठ दिवस लेट केलंस तू."

मग अर्धं केळं माझ्या हातात दिलं, आणि मी ते खाल्लं. त्या चौघी कोणाच्या, ते मी विचारलं नाही. आता कॉलेजला जात असतील. पावसच्या गाडीत त्या वयाच्या मुली चढल्या की तिकीट देता देता मी त्यांची तोंडं बघते.